दोन्हीकडे सेम

नव्या फ्लॅटच्या माहितीपत्रकात 'प्रत्येक बेडरूममध्ये इंटरनेट पॉइंट' असं छापलेलं असतं आणि ते अजिबात खोटं नसतं. पॉइंट असतो. त्याच्यामागे केबल असते. तिचं दुसरं टोक राउटरजवळ निघावं, अशी अपेक्षा धरणं मात्र लाडावल्याचं लक्षण. आमचं टोक बाथरूमवरच्या माळ्यावर सापडलं. विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून आलेलं. बिल्डरला एकत्र कुटुंबपद्धतीचं प्रेम असावं.

केबल सोलली की आत आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. जोडीतली एक तार पूर्ण रंगीत, दुसरी पांढरी, रंगीत पट्टीची. स्वस्त केबलमध्ये ही पट्टी इतकी संकोची असते की ट्यूबलाइटखाली चारही पांढऱ्या तारा सख्ख्या बहिणी वाटतात. प्रत्येक जोडीला पीळ असतो; शेजारच्या जोड्यांचा गोंगाट त्यामुळेच आवरतो. म्हणून टोकाशी तो साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. तेवढ्यात आठ तारा सरळ करून, क्रमाने धरून प्लगात सारायच्या. नियम करणाऱ्यांना बोटं नसावीत.

क्रमही दोन आहेत, ए आणि बी. फरक एवढाच, की नारिंगी आणि हिरव्या जोडीने जागा बदलल्या आहेत. वेग तोच, गुण तेच. सॉकेटवर दोन्हींचे रंग छापलेले असतात, कुणाचा लोकशाही हक्क डावलायला नको. बी क्रमात नारिंगी जोडी शेजारीशेजारी बसते, हिरवीची मात्र ताटातूट: एक तार तिसऱ्या जागी, दुसरी सहाव्या. मधे निळी जोडी. कारण मधल्या दोन जागा टेलिफोनच्या. फोनचा डबा घरातून कधीच गेला. त्याचं आरक्षण चालू आहे.

वायरमनला हा इतिहास मान्य नाही. "साहेब, दोन्हीकडे सेम लावलं की झालं," म्हणत तो चारही जोड्या ओळीने, शिस्तीत लावतो. टेस्टरवर आठही दिवे लागतात. टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोचली का ते बघतो. ती कुणाशी पिळलेली आहे, या खासगी बाबीत तो पडत नाही. पण तिसऱ्या-सहाव्या जागी वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येऊन जोड्या फुटल्या की एका तारेतलं दुसरीत झिरपतं, आणि नेट मीटिंगमध्ये आपली बोलायची पाळी येईपर्यंतच छान चालतं.

गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. म्हणून तपकिरी तार प्लगात नीट पोचली नाही, तरी नेट बहुतेक वेळा बंद पडत नाही. मुकाट १०० वर उतरतं. आपण ३०० च्या प्लॅनचे पैसे भरत राहतो. स्पीड टेस्टवर रोज न चुकता ९४ च्या आसपास आकडा आला, तर कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसू नका. आधी सॉकेट उघडा.

घर अजून बांधून व्हायचं असेल, तर बिल्डरकडून तीन गोष्टी लिहून घ्या: नेटसाठी वेगळा पाइप, टोक राउटरच्या जागी, आणि केबल निव्वळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही तशाच खोक्यात मिळते, आणि प्लास्टर झाल्यावर कुणी विचारत नाही.