शंभरापर्यंत

ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश प्रायोगिक सिनेमांवर जाणकार आदराने बोलतात आणि बाकीचे आदराने गप्प बसतात. मी पुष्कळ काळ गप्पवाल्यांत होतो. मग पीटर ग्रीनवेचा १९८८चा 'ड्राउनिंग बाय नंबर्स' पाहिला.

सुरुवातीलाच एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारत शंभर तारे मोजते आणि थांबते. पुढचे सगळे शंभर सारखेच, हे तिचं म्हणणं. मग एक ते शंभर हे आकडे सिनेमाभर क्रमाने उगवत राहतात, कधी झाडाच्या बुंध्यावर, कधी धावणाऱ्याच्या बनियनवर, तर कधी कुणाच्या तोंडी. सिसी कोलपिट्स या एकाच नावाच्या तिघी बायका आपापल्या नवऱ्यांना बुडवतात. पहिला टबात, दुसरा समुद्रात, तिसरा पोहण्याच्या तलावात. एवढं घडूनही माझं सगळं लक्ष त्रेसष्ट कुठे गेला याकडे! पण प्रेक्षकाला आता किती उरलंय हे इतक्या प्रामाणिकपणे सांगणारा दुसरा दिग्दर्शक मला माहीत नाही.

डेरेक जार्मनकडे हा दिलासा नाही. 'द अँजेलिक कॉन्व्हर्सेशन'मध्ये (१९८५) ज्युडी डेंच शेक्सपिअरची चौदा सुनीतं वाचते आणि पडद्यावर दोन तरुण इतके सावकाश हलतात, की आपलीच नाडी तपासावीशी वाटते. आवाज मात्र असा, की डोळे मिटून ऐकत राहावं. मी मिटले. त्याच्या 'कारावाज्जिओ'त जुन्या इटलीतल्या माणसाच्या हातात कॅल्क्युलेटर दिसतो, तेव्हा खरी जाग आली.

या सिनेमांमागे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९८२च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं चॅनेल फोर यांचा पैसा असे. म्हणजे तिकडे ते घरबसल्या टीव्हीवरही दिसत. कंटाळा आला की बटण दाबायचं. आमच्या फिल्म सोसायटीत मधूनच उठायचं तर रांगेतले सगळे गुडघे ओलांडा, वर अडाणी ठरा.

ग्रीनवेचाच 'द फॉल्स' (१९८०) तीन तासांहून मोठा. कुठल्याशा गूढ घटनेने बाधित झालेल्या ब्याण्णव माणसांची चरित्रं, सगळ्यांची आडनावं 'फॉल'पासून सुरू होणारी, आणि जिकडेतिकडे पक्षी. पण मधूनच एखाद्याचं नाव यादीतून वगळलेलं निघतं आणि निवेदक पुढे सरकतो. अशा वेळी शेजारच्या खुर्चीतला जाणकारही हळूच पाय सैल सोडतो, हे मी पाहिलं आहे.