देवाच्या प्रेमापासून बचाव कसा करावा

देव आपल्यावर प्रेम करतो हे मान्य करणे सोपे आहे. संडे स्कूलमध्येच ते पाठ करून घेतात. ते प्रेम प्रत्यक्ष अंगाला लागू न देणे मात्र अवघड, आणि त्याचे शिक्षण कुठेच मिळत नाही. नाशिकच्या मंडळ्यांत या विद्येचे चांगले जाणकार आहेत, पण संकोचामुळे ते बोलत नाहीत. नवशिक्यांचे हाल होऊ नयेत म्हणून हे मार्गदर्शन.

आधी स्वतःला अपवाद ठरवा. इतरांच्या बाबतीत कंजुषी नको. हॉस्पिटलात कुणाला भेटायला गेलात तर पेशंटचा हात धरून सांगा की देवाचे तुमच्यावर फार प्रेम आहे. डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या. मग खाली येऊन गाडी सुरू करताना मनाशी म्हणा, 'माझी गोष्ट वेगळी.' वेगळी कशी, त्या खोलात शिरू नका. लोक याला नम्रता समजतात; समजू द्या. साऱ्या जगाचे पाप ज्या क्रूसाने वाहिले त्याला आपले एकट्याचे तेवढे झेपले नाही, या समजुतीत केवढा रुबाब आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

क्षमा मागावी, पण घेऊ नये. कॉलेजात असताना वडिलांना फसवले होते ना? ते दर उपवासकाळात नव्याने कबूल करा. केलेली पापे देव पुन्हा आठवणार नाही, असे यिर्मयाच्या पुस्तकात आहे. म्हणजे आठवण ठेवण्याची जबाबदारी आपसूक तुमच्याकडे आली.

यानंतर हिशेब. मत्तयाच्या 20 व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला खरे तर निफाड-दिंडोरीकडच्या माणसाने वाचूच नये. वाचलाच तर बागायतदाराच्या नजरेने वाचावा. मालक पहाटे मजूर ठरवतो, रोज एक दिनार. मग तो नऊला नाक्यावर जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि संध्याकाळी पाचला तिथे जे रिकामे उभे दिसतात त्यांनाही घेऊन येतो. सहाला पैसे वाटायला बसतो तेव्हा पाचवाल्यांना पूर्ण रोज, आणि पहाटेवाल्यांनाही तेवढाच! आमच्याकडे गोडी छाटणीच्या दिवसांत कुणी असा प्रयोग केला, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत एकही टोळी त्याच्या बांधावर पाय ठेवणार नाही. हा आक्षेप अगदी रास्त आहे, तो घट्ट धरून ठेवा. आपण स्वतः पहाटेवाल्यांत आहोत हे गृहीत धरायचे. रविवारची भक्ती, दशांश, महिला मंडळ, नाताळच्या फराळाचे डबे, सगळे मांडून ठेवा. हजेरीपट कुणी तपासत नाही. मी आजवर असा एकही विश्वासणारा पाहिला नाही, ज्याला हा दाखला ऐकताना आपण पाचला आलो असे वाटले.

हजेरी कमी पडली तर घराणे पुढे करावे. नाशिकचे शरणपूर यासाठी फार उपयोगी. 'आमचे पणजोबा शरणपूरचे' म्हटले की निम्मे काम होते. तिथली मिशनची वस्ती 1850 च्या दशकातली. मात्र इतिहासात फार मागे जाऊ नका. तिथे अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले वाढली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन 1874 मध्ये इंग्लंडला पोचला. गुलामीतून सुटलेल्या या पोरांजवळ घराणे नव्हते, गाव नव्हते, सांगायला जुने नावही पुष्कळांचे उरले नव्हते. ज्या वस्तीच्या नावावर आपण खानदान मिरवतो तिचे सुरुवातीचे दिवस असे होते, हे चारचौघांत निघाले तर पंचाईत.

नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते. तिथे जरूर जा, पण व्यवहार ठरवून जा. इतक्या मेणबत्त्या, त्या बदल्यात मुलाची नोकरी. काम झाले तर फिटंफाट, नाही झाले तर रुसायला मोकळे. देवाने मध्येच काही न मागता दिले, तर ते मागच्या वर्षीच्या खात्यात जमा करून टाका.

पण या विद्येचे खरे आचार्य ख्रिस्ती नव्हते. गोदावरीकाठच्या जलालपूरचे नाना गोखले सोवळ्याचे इतके कडक की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घेत नसत, मीठसुद्धा. त्यांच्या लेकीने, लक्ष्मीबाई टिळकांनी, 'स्मृतिचित्रे'त हे सगळे हसत हसत लिहून ठेवले आहे. मीठ धुतल्यावर काय उरते ते सांगायला नको. आपण सोवळे केव्हाच सोडले असे मराठी ख्रिस्ती माणूस अभिमानाने सांगतो आणि प्रार्थनेला बसण्याआधी आपले मन त्याच मिठासारखे धूत बसतो. आधी राग जाऊ दे, शंका जाऊ दे, मग देवासमोर जाईन. छान पद्धत आहे. जायची वेळच येत नाही.

लक्ष्मीबाईंपासून मात्र सावध राहा. त्यांच्या नवऱ्याने, नारायण वामन टिळकांनी, 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरची काही वर्षे बाईंनी या शास्त्राचा उत्तम अभ्यास केला. आधी नवऱ्यापासून दूर राहिल्या, मग एकत्र आल्यावरही आपले सोवळे सांभाळले. अशा तयारीच्या बाईने एके दिवशी स्वतःशीच विचार केला की जाती काही देवाने केलेल्या दिसत नाहीत, आणि सगळे सोडून दिले. 1900 मध्ये बाप्तिस्माही घेतला. पुढे तर कहर. ज्यांचे रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हते त्या बाईंनी टिळकांचे अर्धवट राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य स्वतः 64 अध्याय लिहून पुरे केले. लायकीचा दाखला येईपर्यंत थांबायचे असते, हे त्यांना कुणी सांगितलेच नाही. 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर वरच्या फळीवर ठेवा.

टिळकांचाही नाद नको. त्यांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा झालेल्यांना त्यात जागा, न झालेल्यांनाही जागा. बाहेर कुणी उरलेच नाही तर आत असण्यात मजा काय?

ही मजा टिकवायची तर आदर्श ठेवावा उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचा. धाकटा डुकरे राखून परत आला, त्याच्यासाठी पोसलेले वासरू कापले, आत गाणे-बजावणे चालू आहे आणि हा अंगणात उभा. इतकी वर्षे राबलो, मला साधे करडू मिळाले नाही. मुद्दा बिनतोड, उभे राहण्याची जागाही बरोबर. आपली सगळी तयारी शेवटी या अंगणापर्यंत पोचण्यासाठीच असते.

अडचण एकच आहे. लूकच्या त्या अध्यायात बाप जेवण सोडून बाहेर येतो आणि याचीही मनधरणी करू लागतो. धाकट्यापासून लांब राहता येते, मेजवानीवर बहिष्कार घालता येतो, पण स्वतःहून अंगणात येणाऱ्या बापाचे काय करावे, यावर उपाय मला सापडलेला नाही. कुणा वाचकाला माहीत असेल तर जरूर कळवावे. पाळकसाहेबांच्या कानावर मात्र घालू नये.