चार सेकंदांचं पिठलं

रविवारी सकाळी अकराला आमच्याकडे पिठलं-भाकरी करायला घेतली. पानं मांडली साडेतीनला. मधल्या वेळात जे घडलं त्याला 'कंटेंट' म्हणतात, असं लेकीने सांगितलं.

२०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स आणली आणि तेव्हापासून उभ्या चौकटीत जेवढा ओटा मावतो तेवढाच आवरायची पद्धत पडली. चौकटीबाहेर खरकट्याचा डोंगर असला तरी चालतो.

व्हिडिओ 'रिलेटेबल' हवा होता. म्हणजे बघणाऱ्याला 'अय्या, अगदी आमच्यासारखं!' वाटायला हवं. त्यासाठी आधी आमचं घर झाकण्यात आलं. मिक्सर गेला, कॅलेंडर गेलं, श्रीखंडाच्या डब्यातली हळद गेली. मग लेकीच्या मैत्रिणीचा फोन आला की श्रीखंडाचा डबा सध्या जोरात चालतो. डबा परत आला, लेबल कॅमेऱ्याकडे करून. हिच्या मामांचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेलं पातेलं मात्र 'फार चकाकतं' म्हणून बाद झालं. त्याऐवजी साडेआठशे रुपयांची लोखंडी कढई आली. अगदी तशीच कढई आजीच्या माघारी मी भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली होती. हे मी बोललो नाही.

सुरुवात बुक्कीने कांदा फोडून करायची होती. पहिल्या तीन सेकंदांत माणूस अडकला पाहिजे म्हणे. बुक्की माझी. पहिला कांदा घरंगळत फ्रिजखाली गेला, दुसरा फुटला पण 'एक्स्प्रेशन' चुकलं. सात कांदे झाले. संध्याकाळी भजी ठरली. तोवर हिची पहिली भाकरी टम्म फुगली आणि नेमका तेव्हा कॅमेरा बंद.

"आई, परत फुगव ना!"

हिने उलथनं खाली ठेवलं आणि लेकीकडे नुसतं बघितलं. तो शॉट घेतला असता तर व्हायरल झाला असता.

चौतीस सेकंदांचं रील रात्री चढलं. सोमवारी हिशेब. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत सांगितलंच आहे की लोक किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात, यावर सारं ठरतं. आमची पोच २,१४०. लाइक ६१, कमेंट १९, शेअर ४, सेव्ह ११. बेरीज ९५, भागिले पोच, गुणिले शंभर : ४.४ टक्के. लेक म्हणाली, "बाबा, वाईट नाही." मीही मान डोलावली. आमच्या वेळी एवढ्या टक्क्यांना शाळेतून नाव काढत.

एकोणीस कमेंटांपैकी सहा नातेवाइकांच्या, चार लेकीनेच दिलेली उत्तरं. एका खात्याला आमचं रील पैसे घेऊन पुढे ढकलायचं होतं. सात जण 'हे पिठलं नव्हे, झुणका आहे' यावर आपसांत भांडत होते. त्यातल्या एकाला कुळथाशिवाय पिठलंच मान्य नव्हतं. म्हणजे 'एंगेजमेंट' जी काय झाली ती त्यांची एकमेकांशी. आणि सरासरी बघण्याचा वेळ चार सेकंद. चार सेकंदांत मोहरीसुद्धा तडतडत नाही हो!

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' हे पाककृतींचं पुस्तक १९७० साली आलं. माप वाटी-चमच्याचं. आमच्या घरातल्या प्रतीला आलेख नाही, पण कुठलं पान चाललं ते लगेच कळतं : तेलाचे डाग असतात, हळदीचं बोट उमटलेलं असतं आणि पुस्तक आपसूक तिथेच उघडतं. त्याला 'सेव्ह' म्हणत असतील तर माझी काही हरकत नाही.

राहिली एकोणिसावी कमेंट. सांगलीच्या आत्याची. वय एक्याऐंशी, फोन नातवाचा. आत्याने रील शेवटपर्यंत पाहिलं असावं, तेही दोनदा. लिहिलं होतं, "बाळ, छान. पण मीठ घातलेलं कुठे दिसलं नाही."

मीठ घालायचं खरंच राहिलं होतं.