प्लेटवाले भाऊ

सोयाबीन बरं झालं की पाया, कापूस बरा झाला की स्लॅब आणि पोरगा पुण्याला कंपनीत लागला की टाइल्स, या हिशेबानं आमच्या आंजी मोठीत घरं उभी राहतात. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला घरातल्या एकेका वस्तूचं खूळ असतं. कुणी गेटवर सिंह बसवतो, कुणी गच्चीवरच्या टाकीचं विमान करतो. भाऊंना खूळ लागलं स्विचबोर्डाचं.

आर्वी रोडकडे तोंड करून भाऊंचं दुमजली घर आहे. पाहायला गेलात तर भाऊ हॉल दाखवत नाहीत, हॉलमधला बोर्ड दाखवतात. देवघराकडे पाठ करून देवघराचा बोर्ड दाखवतात. पाहुणा भाबडेपणानं छताकडे पाहून म्हणतो, ‘पीओपी छान झालं हो.’ भाऊंचा चेहरा पडतो. ‘पीओपी त सबनच करते. खाली पाहा, खाली. हात नोका लावू, निस्तं पाहा.’

मापाचा, ऑर्डरचा बोर्ड ही काही भाऊंनी काढलेली गोष्ट नव्हे. मॉड्यूलर येण्याआधी गावातला एकूण एक बोर्ड ऑर्डरचाच होता. लाकडी पेटी, तिच्यावर सनमायक्याचा तुकडा. वायरमन कानामागची पेन्सिल काढून त्यावर चौकोन आखायचा, कोपऱ्यांना ड्रिलनं भोकं पाडून हॅक्सॉच्या पात्यानं कापायचा आणि कानशीनं घासत बसायचा. कितीही घासलं तरी एक चौकोन तिरपा निघायचाच. त्यावरून कोणत्या वायरमनचं काम ते ओळखू यायचं. वर पांढरी पियानो बटणं, पंख्याचा गोल रेग्युलेटर आणि लाइन आहे की गेली हे सांगणारा लाल इंडिकेटर. मग कंपन्यांनीच खाचा पाडून द्यायला सुरुवात केली. चार मॉड्यूल, सहा, आठ, बारा. गावभर सगळ्यांच्या भिंती एकसारख्या झाल्या. भाऊंचं दुःख इथून सुरू होतं.

या दुःखाला अभ्यासाची जोड आहे. अँकर कंपनी १९६३ ची, २००७ मध्ये जपान्यांनी तिचा मोठा हिस्सा घेतला, हे भाऊ लग्नाच्या पंगतीत सांगतात. जर्मनीची युंग कंपनी १९६८ पासून एक साधं चौकोनी बटण बनवते, ते आता ल कॉर्बुझिएच्या त्रेसष्ट रंगांत मिळतं, हे तेराव्याच्या जेवणात. ‘चंदीगडवाला तो! १९३१ मंदी त्रेचाळीस रंग काढले त्यानं, १९५९ मंदी अजून वीस. आन् आपला वर्धेचा दुकानदार इचारते, पांढरा का आयव्हरी!’ एकदा त्याच दुकानात भाऊंनी ग्रे प्लेट मागितली. दुकानदारानं काढून दिली. भाऊ ती बराच वेळ उजेडात धरून म्हणाले, ‘याच्याहून जरासा उदास नाई का?’

शेवटी भाऊंनी ठरवलं, फ्रेमी घरीच करायच्या. सागवानाच्या. सुताराला बोलावलं, नमुना काढून दिला आणि प्रत्येक फ्रेमवर ताडाचं झाड कोरायला लावलं. नमुना सेवाग्रामचा. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबहननं ताडाची झाडं उठवली आहेत, ती भाऊंनी पाहुण्यांना दाखवता दाखवता हेरून ठेवली होती. गावातल्या एका जुन्या सर्वोदयी गुरुजींनी टोकलं, ‘अहो, माती, बांबू अन् कवेलूची कुटी ती. तिथून तुम्ही साधेपणा उचलायचा सोडून झाड उचललं?’ भाऊ शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, साधेपणा फ्रेमीत बसत नाई.’

फ्रेम तरी कुठे बसत होती! मॉड्यूलरची गंमत अशी की भिंतीत लोखंडी डबा, डब्यावर स्क्रूनं आवळलेली ग्रिड, ग्रिडमध्ये बटणं आणि सगळ्यात वर खटकन बसणारी प्लेट. दिसते ती फक्त प्लेट, भार सगळा ग्रिडवर. भाऊंनी प्लेटीच्या जागी अर्धा इंच जाड सागवान आणलं. वायरमननं ते हातात फिरवून पाहिलं. ‘भाऊ, बटन आत खड्ड्यात जाते. बोट कसं पोचन?’

‘तासून घे न बे मागून.’

‘तासतो. पन गिझरच्या सोळा अँपियरवर लाकूड नाई लावत मी. लूज राह्यलं, तापलं, त झाडासकट जाईन.’

‘आमच्या आजाच्या घरी सबन बोर्ड लाकडाचेच होते.’

‘आजाच्या घरी गिझर होता काय?’

या एका प्रश्नावर भाऊ हरले. गिझरला पांढरी, कंपनीची, चारचौघींसारखी प्लेट लागली. पाहुण्यांना घर दाखवताना बाथरूमचं दार तेव्हापासून बंद असतं. गावात भाऊंना गप्प करणारा एवढा एकच माणूस आहे, आणि माझ्या मते त्या घरातला सगळ्यात भारी कारागीरही तोच.

वहिनींचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, ओट्यापाशी मिक्सरचा पॉइंट द्या. भाऊंनी दिला. पण हॉलच्या बोर्डाशी त्याची रेघ जुळली पाहिजे म्हणून तो फ्रिजच्या मागे गेला. आता चटणी करायची तर वहिनी मिक्सर घेऊन बेडरूममध्ये जातात. तिथला पॉइंट पलंगाशेजारी असल्यानं पलंगावर बसून वाटणं होतं. ‘घर बांधाच्या आंदी पाटा होता, तोच बरा होता बाई,’ असं त्या शेजारणीला सांगतात, पण भाऊंच्या माघारी. समोर त्या नवऱ्याचीच बाजू घेतात: ‘दारू नाई, पत्ते नाई. ताडाचं झाड काढते मानूस, ताडी त नाई पेत.’

गृहप्रवेशाच्या संध्याकाळी अख्खं गाव जमलं. भाऊंनी हॉलच्या मोठ्या बोर्डासमोर उभं राहून बारा बटणांपैकी एक दाबलं, आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली. मेणबत्तीच्या उजेडात फ्रेमवरचं कोरीव काम मात्र फार उठून दिसलं. भाऊ तर म्हणाले, अशीच पाहायला पाहिजे.

फ्रेमींवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. कोणतं बटण कशाचं हे भाऊंखेरीज कुणाला ठाऊक नाही, कारण नावांची चिकटपट्टी लावली तर झाड झाकतं. पंखा लावायला उठलेला पाहुणा आधी झुंबर, मग बाहेरचा दिवा, मग दारावरची घंटी लावतो.

आंजीकडे येणं झालं तर भाऊंचं घर अवश्य पाहा, चहाही चांगला मिळतो. फक्त मोबाइल तेवढा घरूनच चार्ज करून आणा. सॉकेटात पिन घालू देत नाहीत ते.