पट्टा आणि पिझ्झा

पोलिसांच्या ताब्यात आलेल्या मुलाला कसं वागवावं, हे आपला कायदा एखाद्या प्रेमळ आजीच्या सुरात सांगतो. 2015 चा बाल न्याय अधिनियम म्हणतो की अठरा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही परिस्थितीत लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवायचं नाही, चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करायचं. 2016 चे नियम त्याहून हळवे. बेड्या नकोत, साखळी नको, जोरजबरदस्ती तर नकोच. आईवडिलांना लगेच कळवा, दवापाणी बघा. शक्यतो साध्या कपड्यांत बोला, पोर बिचकायला नको. कसल्याही जबाबावर त्याची सही मागू नका. आणि विचारपूस अशा जागी करा, जिथं पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटणार नाही. आता मुंबईतल्या घोडपदेवच्या नाक्यावरचा कुणीही विचारेल की ठाण्यात अशी जागा असते तरी कुठे? प्रश्न गैर आहे. कायद्यानं प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमायला सांगितलंय, जागेचं काय ते तो बघेल. तो अधिकारी आपणच, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. पण कागदावर तो असतो.

हा कायदा नुसता कागदी आहे असं म्हणणाऱ्यांनी 19 मे 2024 ची पुण्यातली पहाट आठवावी. कल्याणीनगरात भरधाव आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले आणि चालवणारा सतरा वर्षांचा निघाला. मग कायद्याची सारी माया एकाच दिवसात ओसंडून वाहिली. काही तासांत जामीन झाला, सोबत अपघातांवर 300 शब्दांच्या निबंधाची अट. ठाण्यात त्याला पिझ्झा-बर्गर खिलवल्याचा आरोप झाला, पोलीस आयुक्तांनी तो साफ नाकारला. ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ती मात्र कायद्यात बसणारी माया नव्हती. महाराष्ट्र खवळला, आणि खवळायला कारण होतंच. पण त्या संतापातून निघालेला निष्कर्ष अजब होता. सगळ्या मुलांना असंच का वागवत नाही, असं कुणी विचारलं नाही. विचारलं ते हे, की याला इतरांसारखा का नाही तुडवला? समतेची ही व्याख्या आपल्याला फार लवकर पटते.

इतरांसारखा म्हणजे कसा, ते पाहायला पुण्याला जायची गरज नाही. रे रोडहून हार्बरची गाडी पकडली की तिसरं स्टेशन वडाळा. एप्रिल 2014 मध्ये तिथल्या रेल्वे पोलिसांनी चोरीच्या संशयावरून चौघांना उचललं. त्यांतला एक 15 वर्षांचा होता. 18 एप्रिलला चौघांपैकी एक, 25 वर्षांचा तरुण, मेला. पोलीस म्हणाले, तो ताब्यातून पळाला आणि लोकलखाली आला. उरलेले म्हणाले, आम्हाला बेदम मारलं, आमच्यावर लैंगिक अत्याचार केले. मुंबई उच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयनं मारहाणीचे आणि अत्याचाराचे आरोप ठेवले, पण खुनाचं कलम काही तिला सापडेना. ते लावायला न्यायालयालाच सांगावं लागलं, डिसेंबर 2019 मध्ये. घटनेला तोवर साडेपाच वर्षं उलटली होती. आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे मान्यच. आरोपीला निर्दोष मानण्याचं तत्त्व खाकी वर्दीलाही लागू आहे. गंमत इतकीच, की ते तत्त्व त्या पंधरा वर्षांच्या पोराला ठाण्याच्या पायरीपर्यंतसुद्धा पुरलं नाही.

आता त्या पोराच्या बाजूनं थोडा हिशेब करू. त्याची हकिगत न्यायालयापर्यंत पोचली, कारण त्याच्यासोबतचा एक जण मेला. कोठडीत मृत्यू झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी लागते. केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार 2017-18 ते 2021-22 या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीत 669 मृत्यू झाले. त्यांत गुजरातचे 80 आणि लगोलग आपले 76. मेलेल्यांचा निदान आकडा तरी आहे. मार खाऊन जिवंत घरी गेलेल्या मुलांचा रकानाच नाही. त्यांच्यासाठी ठाण्यात एक सुरेख वाक्य राखून ठेवलेलं असतं: ‘समज देऊन सोडून दिले.’ कधी कधी तेही लिहिलं जात नाही, कारण मुलाला आणल्याचीच नोंद नसते. त्याला ‘बसवून ठेवलेलं’ असतं. कायद्याचे चोवीस तास सुरू होतात ते ताब्यात घेतल्यावर. ज्याला ताब्यात घेतलंच नाही, फक्त बाकावर बसवलं, त्याचं घड्याळ कुणी लावायचं? सगळी मेख इथे आहे. समज पट्ट्यानं दिली जाते, हेही गुपित नाही. महाराष्ट्रातल्या काही ठाण्यांत त्या पट्ट्याला ‘सत्यशोधक’ म्हणतात. जोतीरावांनी हे नाव कशासाठी ठेवलं होतं, आणि ते कुठे टांगलं गेलं!

यावर ठरलेली उत्तरं येतात. पहिलं: आजकालची पोरं पोरं राहिलेली नाहीत. 2022 च्या राष्ट्रीय आकडेवारीत अल्पवयीनांविरुद्ध नोंदलेले गुन्हे 30 हजारांच्या आसपास आहेत आणि एकूण दखलपात्र गुन्हे 58 लाखांवर. त्या 30 हजारांत महाराष्ट्र पहिला आहे हे खरं, आणि टोळ्या पोरांना वापरतात हेही खरं. पण पोराला वापरणारा बाहेर आणि वापरलेला पट्ट्याखाली, याला तपास म्हणायचा असेल तर म्हणावं. दुसरं उत्तर: दोन ठेवून दिल्याशिवाय बोलत नाहीत. बोलतात हो, पट्ट्यापुढे कुणीही बोलतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हा नियम इंग्रजांनी 1872 च्या पुरावा कायद्यात घातला आणि नव्या साक्ष अधिनियमानंही तसाच ठेवला. इंग्रजांना आपले पोलीस इतके चांगले ठाऊक होते. म्हणजे मारून काढलेलं सत्य न्यायालयात चालत नाही, ते फक्त महिनाअखेरच्या ‘डिटेक्शन’च्या तक्त्यात चालतं.

तिसरं उत्तर मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. हवालदार बारा-बारा तास उभा, बंदोबस्त त्याच्याच माथी, वरून साहेबाचा तगादा. लालबागच्या गणपतीच्या गर्दीत दहा दिवस काढलेल्या शिपायाला हे सांगायला नको. पण याच कारणानं जबाबदारी वर जायला हवी. निकाल मागणारा साहेब आणि तक्ता तपासणारा त्याचा साहेब सुटतो, निलंबित होतो तो शिपाई, आणि पुढच्या महिन्यात तक्ता पुन्हा भरलेला लागतो. राहिलं पोलिसांचं मनोबल, ते अशानं खचतं म्हणे. बाकावरच्या पोराला हात न लावल्यानं खचणारं मनोबल नक्की कसलं, हे एकदा गृहखात्यानं सांगावं.

जबाबदारीचे उपाय शोधायला नवी समिती नको, जुन्यांचे अहवाल पुरतील. विधी आयोगानं 1985 मध्येच सुचवलं की कोठडीत झालेली जखम पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, उलट सिद्ध करायचं पोलिसांनी. नवे फौजदारी कायदे आले, त्यांतही ही शिफारस आली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं 1997 मध्ये सही केली, अनुमोदन अजून व्हायचंय. 2010 मध्ये लोकसभेनं छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं, ते राज्यसभेत विरलं. 2017 मध्ये आयोगानं नवा मसुदा हातात दिला, तोही फडताळात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं की प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने जपा. कॅमेऱ्यांची प्रकृती नाजूक असते, नेमक्या दिवशी बिघडते. पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण शिफारस करायची त्यानं आणि मानायचं की नाही ते सरकारनं ठरवायचं.

तूर्त घोडपदेवसारख्या वस्तीत पोरगं उचललं की आई आधी मंडळाच्या कार्यकर्त्याला गाठते, तो शाखाप्रमुखाला, आणि फोन जातो: ‘साहेब, पोरगं आपल्यातलं आहे.’ बाल न्याय कायद्याच्या कलम 10 पेक्षा हा फोन जलद लागतो, पण ज्याचं आपल्यातलं कुणी नाही त्याच्यासाठी तो लागत नाही. म्हणून हा फोन करायचाच असेल तर जरूर करा, पण ठाण्यात गेल्यावर आणखी दोन गोष्टी मागा: बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव, आणि मुलाला आणल्याची स्टेशन डायरीतली वेळ. वेळ लिहिलेली नसेल तर तिथूनच मुलांच्या मदतीचा 1098 लावा, आणि ती लिहीपर्यंत बाकावरून उठू नका.