यंदा चषक पेठेतच

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे पोत्यात जायच्या आत मामांचा फुटबॉल सुरू झालेला असतो. मैदानात अजून कुणी पाय ठेवलेला नसतो, पण खेळाडूंची नोंदणी तोंडावर आलेली असते आणि कोण कुठल्या तालमीतून कुठं चालला याच्या बातम्या चहाच्या गाड्यावर येऊन थडकायला लागतात. मामांच्या मते आपला खेळाडू दुसऱ्या तालमीत जातो तेव्हा तो फितूर होतो. दुसऱ्यांचा आपल्याकडं येतो, तेव्हा मात्र त्याला उशिरा का होईना अक्कल आलेली असते.

कोल्हापुरात प्रत्येक पेठेला असा एक मामा असतो. तो नक्की कुणाचा मामा, हे आता कुणाला आठवत नाही. आमच्या पेठेचं आणि तालमीचं नाव मी सांगणार नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस, फुलेवाडी... यातलं एक नाव घेतलं, की बाकीच्यांचं लेखावरचं लक्ष उडतं आणि लेखकावर बसतं. मला संध्याकाळी शहरात मोकळेपणानं हिंडायचं असतं.

बाहेरगावच्या माणसाला तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट दिसतो. ते खरंच आहे. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान बांधलं ते हेच गाव. पण त्याच तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ काढले, राजाराम महाराजांच्या काळात खेळाला आश्रय मिळाला आणि आज के.एस.ए., म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, शाहू स्टेडियमवर लीग भरवते. लीगच्या मागं कुणाकुणाच्या नावाचे चषक असतात. थंडीत सुरू झालेला हंगाम वळवाच्या पावसापर्यंत पुरतो. कुस्तीच्या गावाला फुटबॉल एवढा का मानवला, याबद्दल माझा आपला एक अंदाज आहे. कुस्तीत हरतो तो एकटा पैलवान. फुटबॉलमध्ये अख्ख्या पेठेला हरता येतं.

मामांचं उद्यमनगरात लेथ मशीन आहे. तिथं त्यांना एका सुताची चूक चालत नाही. पोरानं जॉब जरा जादा कापला, तर त्याच्या खानदानाचा उद्धार होतो. तेच मामा शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसले, की मापं बदलतात. आपल्या फॉरवर्डनं मोकळ्या गोलसमोरून बॉल बारवरून रस्त्याकडं हाणला, तरी मामा म्हणतात, "जरासाच गेला. वारं होतं."

स्वतः मामा तरुणपणी तालमीकडून खेळलेले आहेत. म्हणजे बूट घालून बाकावर बसलेले आहेत. त्यांना आत का घेतलं नाही, याची तीन वेगवेगळी कारणं ते सांगतात आणि तिन्ही राजकारणाची असतात.

नोंदणी आटोपली, की परदेशी पाहुणा येतो. आफ्रिकेतले खेळाडू कोल्हापूरला आता नवे नाहीत. बहुतेक मोठ्या तालमींकडं एखाद-दुसरा असतोच. तो आला, की पेठेतली पोरं त्याला पहिल्या दिवशी 'नाद खुळा' म्हणायला शिकवतात आणि दुसऱ्या दिवशी मामा त्याला घरी जेवायला नेतात. मागच्या हंगामात आलेला गडी सव्वासहा फूट होता. त्याच्यापुढं तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से ठेवले. त्यानं आधी पांढरा ओरपला, मग तांबडा, मग दोन्ही एका वाटीत एकत्र केले आणि पुन्हा वाटी पुढं केली. मामांचे डोळे भरून आले. "ह्यो टिकणार," ते म्हणाले. तो बॉल कसा मारतो, हे तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच रात्री मामांनी वर्गणीची दुसरी पावती फाडली आणि चौकात जाहीर केलं, "यंदा चषक पेठेतच."

हे वाक्य मामा दर वर्षी म्हणतात. एकदा ते खरंही झालं होतं. त्या साली मिरवणुकीत मामा इतके नाचले, की पुढचे काही दिवस लेथ बंद होतं. त्या एका वर्षाच्या जोरावर बाकीची सगळी वर्षं निघतात.

सामन्याच्या दिवशी मामांचं वागणं एखाद्या सोवळ्यातल्या माणसासारखं असतं. शर्ट ठरलेला, गॅलरीतली जागा ठरलेली. त्या जागेवर दुसरं कोण बसलेलं असेल, तर मामा त्याला उठवत नाहीत. त्याच्या इतकं जवळ बसतात, की तोच उठतो. आमची पेठ एका बाजूला, समोरची पेठ दुसऱ्या बाजूला आणि मधे पोलीस. पिपाण्या, हलगी, कागदाचे कपटे, वर दुपारचं ऊन. बाटल्या आत न्यायची बंदी असते आणि त्याला कारणंही आहेत. कोल्हापूरच्या फुटबॉलला हुल्लडबाजीचा डाग आहे, तो मामांनाही मान्य आहे. फक्त सुरुवात प्रत्येक वेळी समोरच्या पेठेनं केलेली असते.

पंचांविषयी मामांचं ज्ञान थक्क करणारं आहे. पंचाची सासुरवाडी, त्याच्या मेहुण्याचं दुकान, त्याच्या चुलतभावाचं भाड्याचं घर, सगळं त्यांना पाठ असतं आणि त्यातलं काही ना काही समोरच्या पेठेत निघतंच. ऑफसाईडचा झेंडा वर गेला, की मामा उठून उभे राहतात आणि पंचाला उद्देशून नव्हे, तर आम्हाला समजावून सांगितल्यासारखं म्हणतात, "त्येची बायको तिकडची हाय." विषय संपला.

मात्र मामांची खरी कसोटी टायब्रेकरला लागते. सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी मारायची वेळ आली, की मामा गोलकडं पाठ करतात. बॉल बघायचा नाही. समोरच्या गॅलरीतली तोंडं बघायची. आमचा खेळाडू बॉल ठेवतो, मागं सरतो, पिपाण्या थांबतात आणि मामा त्या तोंडांवरून वाचत राहतात. तोंडं पडली, तर मामा हात वर करतात. ती तोंडं उघडून ओरडायला लागली, तर मामा हळूच खाली बसतात आणि चपलेचा अंगठा नीट करायला लागतात. एकदा सडनडेथपर्यंत गेलेल्या सामन्यात त्यांनी तो इतक्या वेळा नीट केला, की शेवटी अंगठा हातातच आला. घरी ते अनवाणी आले. "देवीला बोललो होतो," एवढंच त्यांनी सांगितलं.

मामींना फुटबॉल कळत नाही, असं मामा म्हणतात. स्टेडियमची गर्जना पेठेत ऐकू येते. गलका उठला आणि पाठोपाठ आपल्याच चौकात फटाका वाजला, तर गोल आपला. गलका उठला आणि चौक गप्प राहिला, तर त्यांचा. स्वयंपाकघरात बसून मामी एवढ्यावर स्कोअर सांगतात आणि चुकत नाहीत. सामन्याच्या दिवशी मटण आणून ठेवलेलं असतं, पण फोडणी शिट्टी झाल्यावरच पडते. संघ हरला, तर घरात पिठलं होतं, कारण हरल्यावर मटणाचा वास मामांना सहन होत नाही. ते मटण मग मामी दुसऱ्या दिवशी करतात. दुसऱ्या दिवशी मामा ते मुकाट्यानं खातात आणि नेहमीपेक्षा जास्त खातात.

मामांचा एक भाचा पुण्यात कंपनीत आहे, मँचेस्टर युनायटेडचा भक्त. रात्री-अपरात्री उठून तो मोबाईलवर सामने बघतो. "मँचेस्टरात तुझा कोण हाय रे?" मामांनी त्याला विचारलं होतं. त्याचा कुणीच नव्हता. 2013 साली फर्ग्युसन निवृत्त झाल्यापासून आमचे वाईट दिवस आलेत, असं तो सांगायला लागला, की मामा सहानुभूतीनं ऐकतात. 2024-25 च्या हंगामात त्यांचा संघ 20 पैकी 15 वा आला आणि वर युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून 1-0 हरला, तेव्हा भाच्यानं फोनवर सांगितलेलं मला ऐकू येत होतं. मामा म्हणाले, "पंधरावा? आणि खाली ढकलला न्हाई?" मग त्याची समजूत काढायला म्हणाले, "मॅनेजर बदला." "तेच करतोय मामा," भाचा म्हणाला, "दर दोन वर्षांनी." त्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. इतक्या लांबचं दुःख माणूस पैसे भरून का विकत घेतो, हे त्यांना अजून उलगडलेलं नाही. पेठेत ते फुकट मिळतं.

वर्ल्डकपचं मात्र वेगळं. त्या महिन्यात कोल्हापूरच्या चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे फलक लागतात आणि शहराची नव्यानं वाटणी होते. मामा ब्राझीलचे. 2022 ला कतारमध्ये ब्राझील क्रोएशियाकडून टायब्रेकरवर हरला, त्या रात्री मामा टीव्हीकडं पाठ करूनच बसले होते. पण समोर गॅलरी नव्हती, भिंत होती. भिंतीवरून काही कळेना, म्हणून शेवटी मामींनी सांगितलं.

आपल्या मातीतलं कुणी पुढं गेलं, की मामांचा ऊर भरून येतो. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्डकप झाला, त्यात आपल्या देशाच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तिन्ही सामने हरला. मामांच्या मते पोरगं चांगलं खेळलं, पण त्याला पास द्यायला पेठेतलं कुणी नव्हतं.

पण मामांच्या आयुष्यातला खरा पेच शाहू स्टेडियमवर झालेला नाही. तो घरात झाला. त्यांच्या मुलीनं लग्न जमवलं ते समोरच्या पेठेत. मुलगा चांगला, नोकरी पक्की, घर स्वतःचं, निर्व्यसनी. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एक विचारलं, "गॅलरीत कुठल्या अंगाला बसतो?" मुलीनं सांगितलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मामींनी निकाल दिला, की पोरगी गॅलरीत नांदायला जाणार नाही, घरात जाणार आहे. लग्न झालं. तारीख ठरवताना मात्र दोन्हीकडच्या मंडळींनी मुहूर्ताआधी सामन्यांचं वेळापत्रक काढलं, आणि त्या बैठकीत एवढ्याच एका गोष्टीवर एकमत झालं.

जावई गुणी आहे. सामना नसेल त्या दिवशी सासऱ्यांना वाकून नमस्कार करतो. मागच्या हंगामात उपांत्य फेरीत दोन्ही पेठा समोरासमोर आल्या. पांढरा रस्सा आवडणारा आमचा परदेशी गडी पहिल्या हाफमध्येच पाय धरून बाहेर आला. सामना 1-0 नं गेला आणि गोल झाला तो शेवटच्या मिनिटांत, तोही आमच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून. सगळी गॅलरी रिकामी झाली तरी मामा बसून होते. पंचाच्या सासुरवाडीबद्दलही ते बोलेनात, तेव्हा आम्ही घाबरलो. रात्री त्यांनी ठरलेला शर्ट मामींकडं दिला आणि लेथ पुसायला घ्या म्हणून सांगितलं. "फुटबॉल सुटला माझा. आता नाव काढायचं न्हाई."

अंतिम सामन्याला मामा आमच्या आधी गॅलरीत हजर. जावयाच्या तालमीविरुद्ध जो कुणी खेळत होता, त्याच्या बाजूनं. त्या तिसऱ्या तालमीचं नाव त्यांनी वर्षभर शिवीसारखं वापरलं होतं; त्या दिवशी त्यांचे खेळाडू एकदम 'आपली पोरं' झाले. ती आपली पोरं जिंकली आणि मामा आमची तालीम जिंकल्यासारखे घरी आले. मामींनी फोडणी टाकलेलीच होती. समोरच्या पेठेत फटाका वाजला नाही, हे त्यांनी आधीच ऐकलं होतं.

पावसाळ्यात मुलगी बाळंत झाली. मुलगा. बारशाला दोन जर्सी आल्या, दोन पेठांच्या, दोन्ही वीतभर लांबीच्या. जावयाकडच्या मंडळींनी त्यांची आधी घातली, म्हणून आमच्याकडच्यांनी आमची त्याच्यावरून घातली. बाळाला उकडायला लागलं, ते रडलं, तेव्हा मामींनी दोन्ही काढून त्याला झबलं घातलं. मोकळं झाल्यावर बाळानं पाळण्यात पाय झाडला आणि खुळखुळा लाथेनं पलीकडं उडवला.

मामा पाळण्याशी गेले, वाकून बघितलं आणि ताठ झाले. "डावा पाय! बघितलासा? डाव्यानं मारला! आपल्याला लेफ्ट आऊटला किती वर्षं झाली माणूस न्हाई!"

"आमच्याकडं तरी कुठं हाय मामा," जावई पुढं सरकत म्हणाला.

"गप बसा दोघंबी," मामी म्हणाल्या. "आधी त्याला मान धरू द्या."