येलदरीचे सर

परभणी जिल्ह्यात आता तालुक्यागणिक एक तरी पक्षीवाले सर सापडतात. पेशाने कुणी प्राध्यापक, कुणी खतांचा दुकानदार. पण गळ्यात सहाशेची लेन्स आली की माणूस आपोआप 'सर' होतो. जिंतूरकडच्या सरांचा मुक्काम येलदरी धरणाच्या फुगवट्यावर. शर्ट शेवाळी, टोपी शेवाळी, पक्ष्यांना ओळख पटू नये म्हणून. पक्ष्यांचं माहीत नाही, गावातली पोरं मात्र त्यांना फाट्यावरूनच ओळखतात.

एरवी सर कमालीचे उतावळे. एसटीला पाच मिनिटं उशीर झाला की कंट्रोलरशी हुज्जत, आणि लग्नात अक्षता पडायच्या आत पंगतीत. पूर्णेच्या पाण्यासमोर बसले की त्यांचा वाल्मीकी होतो. समोर कवड्या खंड्या. काळ्यापांढऱ्या रंगाचा हा गडी पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच खाली रोखतो आणि सरळ सूर मारतो. तो थांबला की सर श्वास रोखतात. खंड्याचा विचार बदलतो, तो दहा हात पलीकडे सरकतो. सर श्वास सोडतात. तीन तास हाच खेळ. अखेर तो सूर मारतो त्याच क्षणी खिशात फोन थरथरतो: "येताना कोथिंबीर आणा." फोटोत पाण्याचं वर्तुळ तेवढं सुरेख येतं. संध्याकाळी ग्रुपवर ते 'खंड्या, नुकताच गेलेला' म्हणून झळकतं आणि चाळीस अंगठे मिळवतं.

नोव्हेंबरात सरांना मागणी फार. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ तारखेला, सलीम अलींचा १२ तारखेला. मधल्या पक्षी सप्ताहात सर शाळोशाळी 'संयम' या विषयावर बोलतात. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो, मग आपल्याला दोन तास बसायला काय होतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुख्याध्यापकांचं प्रास्ताविक लांबलं की मात्र सर घड्याळाकडे बघू लागतात.

धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं वीज केंद्र आहे. वर, काठाला, मोटारी टाकून बसलेले शेतकरी. त्यांतले एक काका परवा सरांपाशी टेकले.

"काय हुडकायलाव, सर?"

"वाट बघतोय, काका. निसर्गात संयम लागतो. तुम्हाला नाही कळायचं."

काकांनी तंबाखू मळली, चिमूट गालात सारली.

"मंग आज राती मोटारीवर या की. या हप्त्यात आमची लाईट रातचीच हाय. दोघं मिळून वाट बघू. तिचाबी एक फोटो काडा... आली तर."